मोटारसायकलच्या टाकीचा श्वास कोंडतो तेव्हा...

टाकीत पुरेसे पेट्रोल असते, प्लग नवा असतो, सर्व्हिसिंगही नुकतेच झालेले असते. तरीही काही किलोमीटर धावल्यावर मोटारसायकलचा जोर कमी होऊ लागतो. अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी वेग वाढत नाही. दोन-चार गचके बसतात आणि इंजिन बंद पडते. पाच-दहा मिनिटे थांबल्यावर तीच गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू होते आणि तेवढेच अंतर कापून पुन्हा थांबते. अनेक दुचाकीस्वारांना हा अनुभव परिचयाचा आहे. अशा वेळी संशय प्रथम कार्ब्युरेटरवर, मग कॉइलवर आणि शेवटी थेट इंजिनावर जातो. मात्र काही वेळा या सर्व खटाटोपामागील कारण टाकीच्या झाकणातील टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात दडलेले असते. हवा आत घेण्याचा मार्ग बुजल्यामुळे टाकीचा श्वास कोंडलेला असतो.

हा बिघाड दुरुस्त करण्यास बहुधा फारसा खर्च येत नाही. तो ओळखला गेला नाही तर मात्र चांगले सुटे भाग विनाकारण बदलले जातात आणि मूळ दोष कायम राहतो. खंबाटकी वा कसारा घाटाच्या चढावर, मागून मालमोटारी येत असताना गाडी अचानक बंद पडणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. म्हणूनच या बिघाडाची लक्षणे आणि तो तपासण्याची पद्धत प्रत्येक चालकास ठाऊक असणे इष्ट ठरते.

टाकीला हवा कशासाठी लागते?

कार्ब्युरेटर असलेल्या बहुतांश मोटारसायकलींमध्ये पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली आणि दोहोंमध्ये कॉक व नळी अशी ही साधी रचना असते. जेवढे पेट्रोल टाकीतून बाहेर पडते तेवढ्याच आकारमानाची हवा आत यावी लागते. ती आली नाही, तर टाकीतील मोकळ्या जागेतला दाब कमी होतो आणि ही अंशतः निर्वात पोकळी पेट्रोलला वरच धरून ठेवते. डब्याला एकच छिद्र पाडले तर तेल नीट ओतता येत नाही. दुसरे छिद्र पाडताच धार मोकळी होते. टाकीचे तत्त्व याहून वेगळे नाही.

यासाठी लागणारी हवा अगदी थोडी असते. लिटरमागे ५० किलोमीटर धावणारी मोटारसायकल ताशी ५० किलोमीटर वेगाने चालविली, तर तासाभरात एक लिटर पेट्रोल लागते. म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर हवा आत आली तरी पुरते. म्हणूनच झाकणातील अतिसूक्ष्म छिद्र हे काम वर्षानुवर्षे विनातक्रार करू शकते. पण ते पूर्णपणे बुजले, तर अडचण उद्भवण्यास फार वेळ लागत नाही.

टाकीतील पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपासून ३० सेंटिमीटर उंच आहे असे मानले, तर त्या उंचीमुळे पेट्रोलला मिळणारा दाब सुमारे २.२ किलोपास्कल एवढाच भरतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. याचा अर्थ, टाकीतील दाब बाहेरच्या तुलनेत अवघा दोन टक्क्यांनी कमी झाला तरी पेट्रोलचा ओघ थांबू शकतो. टाकीत पाच लिटर मोकळी जागा असेल, तर शंभर ते सव्वादोनशे मिलिलिटर पेट्रोल खर्च होताच ही अवस्था येते. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि मोकळी जागा जेमतेम एक लिटर असेल, तर त्याच्या पाचव्या हिश्शाएवढे पेट्रोलही पुरते. म्हणूनच ‘टाकी फुल केली की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की बरी चालते’ ही तक्रार ऐकू आल्यास चालकाचा भ्रम म्हणून ती सोडून देऊ नये. हवेचा मार्ग बुजल्याची ती महत्त्वाची खूण आहे.

दोष गॅरेजमध्ये का सापडत नाही?

या बिघाडाचा मोठा त्रास असा, की तो शोधणाऱ्यापासूनच दडून राहतो. गाडी बंद पडली की चालक पेट्रोल संपले की काय हे पाहण्यासाठी प्रथम झाकण उघडतो. त्या क्षणी बाहेरची हवा आत शिरते, दाब समान होतो आणि पेट्रोल पुन्हा वाहू लागते. चालक मग प्लग पुसतो, वायर हलवून पाहतो, किक मारतो आणि गाडी सुरू होते. श्रेय प्लगला किंवा वायरला मिळते. झाकण उघडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गॅरेजमध्येही हेच घडते. कार्ब्युरेटर साफ करताना फ्लोट चेंबर रिकामे होते, कॉक काढला जातो, कधी टाकीही उतरविली जाते. या सर्व कामांत टाकीत हवा शिरते. त्यानंतर मेकॅनिक गल्लीत एक फेरी मारून येतो. तेवढ्या अंतरात पोकळी पुन्हा निर्माण होत नाही आणि गाडी ‘ठीक’ ठरते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाताना ती पुन्हा बंद पडते. त्यामुळे मेकॅनिककडे तक्रार नोंदविताना ‘गाडी बंद पडते’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. किती किलोमीटरनंतर बंद पडते, त्या वेळी टाकीत किती पेट्रोल असते आणि झाकण उघडल्यावर काय होते, या तीन गोष्टी सांगितल्यास निम्मे निदान तेथेच होते.

मिळत्याजुळत्या दोषांतून निवड

काही अंतर धावून बंद पडणे हे लक्षण अन्य बिघाडांतही आढळते. त्यांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल तापल्यावर निकामी होत असेल, तर इंजिन बहुधा एखादे बटण बंद करावे तसे एकदम थांबते. पेट्रोलचा पुरवठा तुटल्यास मात्र जोर हळूहळू कमी होतो, इंजिन मिसिंग करू लागते आणि अशा वेळी चोक ओढल्यास क्षणभर उभारी येते. कॉइलचा दोष असल्यास झाकण उघडून काहीही फरक पडत नाही; ती थंड होईपर्यंत थांबावेच लागते.

कॉकमधील जाळीत गाळ अडकला असेल, तर पेट्रोलची धार झाकण उघडे असो वा बंद, सारखीच बारीक राहते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरलाही हवेसाठी स्वतंत्र नळी असते. ती मुडपली किंवा चिखलाने बुजली, तर लक्षणे जवळपास तशीच दिसतात. पण टाकीचे झाकण उघडल्याने ती दूर होत नाहीत. काही मोटारसायकली व स्कूटरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उघडणारा व्हॅक्यूम कॉक असतो. त्याची नळी तडकली असल्यास पुरवठा कमी पडतो, हेही तपासून पाहावे.

थोडक्यात, ‘झाकण उघडले की गाडी ताबडतोब सुरू होते काय?’ हा प्रश्न निर्णायक आहे.

तपासणीच्या पायऱ्या

पहिली पायरी रस्त्यावरची. गाडी बंद पडल्यास ती रस्त्याच्या पूर्णपणे कडेला घ्यावी, चावी बंद करावी आणि आसपास कोणी धूम्रपान करीत नाही याची खात्री करावी. झाकणावर कोरडे फडके धरून ते सावकाश उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आल्यास टाकीत पोकळी झाली होती असे समजावे. झाकण पुन्हा व्यवस्थित लावून गाडी सुरू करावी. ती तत्काळ सुरू झाली आणि जवळपास तेवढेच अंतर जाऊन पुन्हा बंद पडली, तर निदान जवळजवळ निश्चित होते. खात्री करून घेण्यासाठी झाकण उघडे किंवा सैल ठेवून गाडी चालविण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो धोकादायक आहे. अचानक ब्रेक लावल्यास पेट्रोल उसळून तापलेल्या इंजिनावर पडू शकते.

दुसरी पायरी घरची, आणि ती केवळ कार्ब्युरेटर असलेल्या व साधा कॉक असलेल्या गाडीसाठी. इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत, देवघर, स्वयंपाकघर किंवा विजेच्या बटणांपासून दूर ही चाचणी करावी. कॉक बंद करून कार्ब्युरेटरकडील नळी सोडवावी व तिचे टोक धातूच्या स्वच्छ डब्यात धरावे. टाकीचे झाकण पक्के लावून कॉक उघडावा. धार सुरुवातीस चांगली पडून हळूहळू बारीक झाली व थेंबांवर आली, आणि झाकण उघडताच पुन्हा जोमाने वाहू लागली, तर दोष हवेच्या मार्गातच आहे. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली, तर कॉक, जाळी किंवा नळी तपासावी. टाकी बरीच रिकामी असल्यास धार मंदावण्यास वेळ लागतो. म्हणून ही चाचणी पाऊण टाकी भरलेली असताना घेणे श्रेयस्कर. व्हॅक्यूम कॉक असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना पेट्रोल येणारच नाही, त्यामुळे तेथे या चाचणीवरून निष्कर्ष काढू नये.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या मोटारसायकलीची नळी घरी कदापि सोडवू नये. पंपामुळे त्या नळीतील पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तिप्पट असू शकतो आणि नळी निसटताच पेट्रोलचा फवारा उडतो. अशा गाडीचे झाकण तपासून पुढील काम कार्यशाळेवर सोपवावे.

हवेचा मार्ग कशामुळे बुजतो?

धूळ आणि पाणी ही सर्वांत सामान्य कारणे होत. रस्त्यावरील धूळ, गाडी धुताना उडालेला चिखल आणि पॉलिशचा पांढरा थर कुलपाच्या भोवती व झाकणाच्या खाचेत साचत जातो. त्याचा कालांतराने घट्ट लेप बनतो.

पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिकची पिशवी ओढून ती रबराने आवळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. गाडी उभी असताना तिचा उपयोग होतो. परंतु पिशवी तशीच ठेवून गाडी चालविल्यास हवेचा मार्ग बंद होतो. घट्ट बसणारे रेक्झिनचे टँक कव्हर आणि टाकीवर बांधलेली प्रवासी बॅग यांच्यामुळेही कधीकधी असेच घडते. लांबच्या प्रवासातच गाडी बंद पडते आणि रोजच्या वापरात पडत नाही अशी तक्रार असल्यास प्रथम बॅग सोडवून पाहावी.

बराच काळ उभ्या असलेल्या गाडीबाबत आणखी एक शक्यता असते. कुंभारीण माशी ओल्या मातीने अरुंद भोके लिंपून घर बांधते आणि टाकीखाली लोंबणाऱ्या हवेच्या नळीचे टोक तिला सोयीचे वाटते. सुट्टीवरून परतल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर नळीचे टोक अवश्य पाहावे.

सर्व्हिसिंगनंतर लगेच उद्भवलेला दोष बहुधा नळी मुडपल्याचा असतो. टाकी पुन्हा बसविताना तिच्याखालील नळी चेसिसमध्ये चेपली जाते. कुलूप बिघडले म्हणून बाजारातून आणलेल्या स्वस्त झाकणात हवेचे छिद्र नीट नसण्याचाही संभव असतो. नवे झाकण घेताना ते आपल्याच मॉडेलचे आहे याची खात्री करून घ्यावी.

साफसफाई कशी करावी?

साध्या झाकणात हवा छिद्रातून थेट न येता वळणावळणाच्या मार्गाने येते, जेणेकरून पेट्रोल उसळून बाहेर पडू नये. त्यामुळे वरून छिद्र मोकळे दिसले तरी आतील वळण बुजलेले असू शकते. झाकण काढून आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. त्यानंतर सायकलच्या हातपंपाने बेताची हवा मारून ती पलीकडे जाते काय ते पाहावे. पेट्रोल लागलेल्या झाकणाला तोंड लावून फुंकर मारू नये. कार्ब्युरेटर साफ करण्याचा तीव्र फवारा रबरी वॉशरला मारक ठरतो आणि गॅरेजमधील कॉम्प्रेसरची जोरदार हवा आतील नाजूक झडप जागेवरून हलवू शकते, दोन्ही टाळावेत. छिद्र मोठे करण्यासाठी ड्रिल किंवा खिळा वापरू नये. मोठ्या छिद्रातून पाणी आत जाते आणि गाडी आडवी झाल्यास पेट्रोल बाहेर येते.

टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसणाऱ्या झाकणाभोवती खोलगट जागा असते. तेथे साचणारे पावसाचे पाणी खाली सोडण्यासाठी एक आणि टाकीतील हवेसाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या नळ्या अनेक गाड्यांत असतात. दोन्ही तपासाव्यात. पाण्याची नळी बुजली तर झाकणाभोवती तळे साचते. उन्हात तापलेल्या टाकीवर अचानक पावसाची सर कोसळली की टाकी थंड होते, आतील दाब घटतो आणि झिजलेल्या वॉशरमधून ते पाणी आत ओढले जाते. पावसाळ्यात टाकीत पाणी कोठून आले, या कोड्याचे उत्तर अनेकदा येथे सापडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या काळात याचे महत्त्व वाढले आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि त्यानंतर त्याचा प्रसार झाला. इथेनॉल काही प्रमाणात पाणी सामावून घेते. प्रमाण वाढले की मात्र पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बनतो आणि तोच प्रथम कॉककडे जातो.

नव्या गाड्यांतील कोळशाचा डबा

हवेचा मार्ग आत येण्यासाठी जसा हवा, तसाच टाकीतील वाफ बाहेर जाण्यासाठीही हवा. पूर्वी ही वाफ सरळ वातावरणात सोडली जाई. तिच्यातील हायड्रोकार्बन हवा दूषित करतात, म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मोटारसायकलींसाठी १९८० च्या दशकातच त्यावर बंधने आणली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना सरसकट लागू झालेल्या ‘बीएस-४’ निकषांबरोबर ही व्यवस्था सार्वत्रिक झाली. टाकीतील वाफ नळीवाटे सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात जाते, तेथे शोषली जाते आणि इंजिन चालू असताना ओढून घेऊन जाळली जाते. याच डब्याला ‘कॅनिस्टर’ म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ निकष आल्यावर बहुतेक दुचाकींनी कार्ब्युरेटरला निरोप देऊन फ्युएल इंजेक्शन स्वीकारले.

अशा गाड्यांत केवळ झाकण साफ करून भागत नाही. टाकी ते डबा ही नळी, डब्यात ताजी हवा घेणारे तोंड आणि गाडी आडवी पडल्यास पेट्रोल अडविणारी झडप यांपैकी काहीही अडले तरी टाकीचा श्वास कोंडतो. डबा खालच्या बाजूस असेल तर चिखल बसण्याची शक्यता अधिक. पंप असल्यामुळे गाडी लगेच बंद पडत नाही. पंप पोकळीविरुद्ध ओढत राहतो, त्याचा आवाज चढतो, अधिक वेगात जोर कमी पडतो आणि पंपावर अकारण ताण येतो. झाकण उघडताना प्रत्येक वेळी जोरात हवा आत ओढली जात असेल, तर पंप बदलण्यापूर्वी या नळ्या तपासून घ्याव्यात.

या डब्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ‘अजून थोडे बसेल’ म्हणून गळ्यापर्यंत भरलेली टाकी. पेट्रोल तापल्यावर प्रसरण पावते. तापमान २० अंशांनी वाढल्यास १२ लिटर पेट्रोल सुमारे पाव लिटरने फुगते. जागा नसेल तर हे द्रव पेट्रोल नळीतून डब्यात उतरते व कोळसा भिजवून टाकते. त्यानंतर पेट्रोलचा वास येणे, गाडी उशिरा सुरू होणे, काळा धूर दिसणे असे त्रास सुरू होतात आणि बहुधा डबाच बदलावा लागतो. टाकी भरण्याच्या गळ्याच्या खालच्या कडेपर्यंतच पेट्रोल घ्यावे. डबा काढून टाकून नळी मोकळी सोडणे हा उपाय नव्हे. उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत असे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे.

उलटा दोष अधिक घातक

हवा आत येते पण वाफ बाहेर जात नाही, असाही बिघाड संभवतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मग दाब वाढत जातो. कॉक चालू राहिला असेल, तर हा दाब पेट्रोलला फ्लोटच्या नीडलपलीकडे ढकलतो. कार्ब्युरेटर ओसंडून पेट्रोल जमिनीवर गळते किंवा सिलिंडरमार्गे इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी अचानक वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास येऊ लागला, तर गाडी सुरू करू नये. ऑइल बदलून आणि कारण दूर करूनच पुढे जावे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती जमिनीलगत साचते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्या हवामानात ते सदैव पेट घेण्याच्या स्थितीत असते. गृहसंकुलांच्या बंदिस्त तळघरातील वाहनतळात एखाद्या गाडीपाशी सतत पेट्रोलचा वास येत असेल, तर ती त्वरित मोकळ्या जागी हलवावी. तापलेल्या टाकीचे झाकण नेहमी फडके धरून, टप्प्याटप्प्याने उघडावे. वाफ बाहेर पडल्याचा किंचित आवाज येणे उन्हाळ्यात स्वाभाविक आहे. पेट्रोल उसळून येणे मात्र स्वाभाविक नव्हे.

थोडी दक्षता, मोठी बचत

दर सर्व्हिसिंगच्या वेळी झाकणाचे छिद्र, रबरी वॉशर आणि टाकीखालील नळ्यांची टोके पाहून घेण्यास मेकॅनिकला सांगावे. पावसाळ्यापूर्वी ही तपासणी स्वतः करण्यास पाच मिनिटे पुरतात. वॉशर कडक झाला किंवा फुगला असेल तर तो बदलावा. जुन्या गाड्यांत इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे रबरावर परिणाम होऊ शकतो. गाडी धुताना पाण्याचा जोरदार झोत थेट झाकणावर मारू नये. कार्ब्युरेटरची गाडी रात्रभर उभी करताना कॉक बंद करण्याची सवय ठेवावी. आणि गाडी धावता धावता थांबलीच, तर पान्याला हात घालण्यापूर्वी झाकण सावकाश उघडून कान देऊन ऐकावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर कार्ब्युरेटर खोलण्याचा आणि कॉइल बदलण्याचा खर्च बहुधा वाचलेला असतो.